फुकटच्या खेळाची रोजकीर्द

तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून सारी हयात घालवून निवृत्तीनंतर चारठाण्याच्या घरी ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसणाऱ्या माणसाने जपानी चित्रशैलीच्या एका मोबाईल-खेळाविषयी चार शब्द लिहावेत, यात कित्येकांस औचित्यभंग दिसेल. परंतु दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या पुतण्याने जो खेळ माझ्या हाती दिला आणि ज्याच्या आरंभीच्या दिवसांचा जमाखर्च मी जुन्या सवयीने वहीत मांडीत गेलो, त्याची माहिती ज्यांच्या घरी अशी मुले आहेत त्यांना नसते आणि ज्या मुलांना ती असते ती सांगत नाहीत, सबब हा लेखनप्रपंच.

प्रथम गुण सांगतो. शांघायच्या मिहोयो कंपनीने २८ सप्टेंबर २०२० रोजी बाजारात आणलेला 'गेनशिन इम्पॅक्ट' उतरवून घेण्यास एक छदामही पडत नाही, फक्त मोबाईलमधील बरीचशी जागा तो अडवतो आणि तासाभरात यंत्र तव्यासारखे तापवतो. पण एकमेकांपासून ताटातूट झालेल्या जुळ्या भावंडांपैकी एकाला घेऊन, पायमोन नावाच्या हवेत तरंगणाऱ्या बडबड्या सोबतिणीसह, आपण जेव्हा तेवात नामक भूमीच्या गवताळ उतारावर पाऊल ठेवतो, वाऱ्याच्या देवतेचे मोंडस्टाट नगर दूरवर दिसू लागते, आणि अँबर नावाची तरतरीत मुलगी आपल्याला पंख देऊन उंचावरून तरंगत उतरण्याची विद्या शिकवते, तेव्हा हे सारे विनामूल्य देणाऱ्याचे मन केवढे मोठे, असा विचार माझ्यासारख्या हिशेबी माणसाच्याही मनात डोकावून जातो. यू-पेंग चेन यांचे संगीत तर खेळ बाजूला ठेवून नुसते ऐकावे असे आहे. संवाद एकाही भारतीय भाषेत नाहीत. तथापि पुतण्याचे इंग्रजी शाळेपेक्षा या खेळाने अधिक सुधारले, हे त्याच्या आईपुढे न बोललेले बरे.

त्या भूमीत जागोजाग शेवाळलेली देवळे आणि भग्न स्तंभ आहेत. ज्या गावात गोकुळेश्वराचे मंदिर, त्यालगतची पायऱ्यापायऱ्यांची बारव आणि आकाशात गेलेला कोरीव स्तंभ शतकानुशतके उभा आहे, त्या गावच्या मुलाने पडद्यावरील पडक्या देवळाची एकेक शिळा निरखावी आणि बारवेकडे दोन घटका फिरकूही नये, याचे मला वैषम्य वाटले. परंतु त्याचा दोष खेळाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

आता मूळ मुद्दा. या खेळात नवी पात्रे गोष्टीच्या ओघात क्वचितच मिळतात. बहुतेक सोडतीने मिळतात, आणि या पद्धतीला जपानातील खेळण्यांच्या यंत्रांवरून 'गाचा' म्हणतात. सोडतीचे तिकीट मात्र रुपयांत विकत मिळत नाही. रुपये देऊन 'जेनेसिस क्रिस्टल' घ्यावयाचे, त्याचे 'प्रायमोजेम' करावयाचे, १६० प्रायमोजेम मोडून एक 'फेट' घ्यावयाचे, आणि ते फेट खर्ची टाकले की एक सोडत निघते. शिवाय 'मोरा', 'स्टारडस्ट', 'स्टारग्लिटर' ही चलने निराळीच. माझ्या आजोबांच्या चोपड्यांत दोन रकाने असत, एक हाली सिक्क्याचा आणि एक कलदाराचा, कारण निजामाच्या अमलात आमच्या परभणी जिल्ह्यात हाली चाले, इंग्रजी मुलुखातून कलदार येई, आणि ७ हाली म्हणजे ६ कलदार हा भाव ठाऊक नसलेला कुणबी बाजारात हमखास नाडला जाई. हाली अखेर १९५९ साली चलनातून बाद झाला तेव्हा त्या पिढीने सुटकेचा निःश्वास टाकला. दोनच नाणी, तीही खणखणीत, तरी लोक फसत. येथे तर नाण्यांची उतरंड आहे, आणि प्रत्येक पायरीवर रुपयाचा चेहरा थोडा थोडा पुसट होत जातो.

सर्वांत लहान गड्डी ६० क्रिस्टलांची आहे. पहिल्या खरेदीवरची दुप्पट देण्याची सवलत वगळली, तर एका सोडतीसाठी अशा तीन गड्ड्या घ्याव्या लागतात आणि २० क्रिस्टल शिल्लक पडून राहतात. त्या शिलकेने काहीच येत नाही, पण ती वाया जाऊ नये म्हणून आणखी एक गड्डी घ्यावीशी वाटते. ही शिल्लक सहज उरली असेल, यावर माझा विश्वास नाही.

सोडत कशी निघते तेही पाहावे. रात्रीच्या आकाशातून एक उल्का खाली येते. तिचा रंग निळा राहिला तर सामान्य शस्त्र, जांभळा झाला तर मध्यम प्रतीची वस्तू, आणि सोनेरी झाला तर पंचतारांकित पात्र किंवा शस्त्र. उल्केचा रंग बदलतो की नाही, त्या एका क्षणात पुतण्या श्वास धरून बसलेला मी पाहिला, आणि खरे सांगावयाचे तर मीही धरला होता. नवख्याची पहिली दहा तिकिटे सवलतीत असतात आणि त्यांत नोएल नावाचे एक पात्र हमखास मिळते, त्यामुळे दैव आपल्या बाजूचे आहे असा ग्रह आरंभीच होतो.

प्रत्यक्ष प्रमाण कंपनीने खेळातच छापलेले आहे, फक्त ते तपशिलाच्या पानावर आहे आणि ते पान कोणी उघडत नाही. पंचतारांकित पात्र निघण्याची शक्यता दर सोडतीस ०.६ टक्के, ९० सोडतींच्या आत एक हमखास, परंतु ते आपल्या मनातलेच असेल याची खात्री नाही, साधारण निम्म्या वेळा दुसरेच पदरात पडते, आणि मग हवे ते निश्चित मिळावयास आणखी ९० सोडतींपर्यंत थांबावे लागते. ९० सोडती म्हणजे १४,४०० प्रायमोजेम. रोजच्या चार कामांपोटी ६० प्रायमोजेम मिळतात. उत्सव, गोष्ट, पेट्या यांची वेगळी मिळकत सोडून दिली, तर नुसत्या रोजंदारीवर एवढा साठा व्हावयास २४० दिवस लागतात. मनाजोगते पात्र मात्र सोडतीत सुमारे तीन आठवडेच असते. आठ महिन्यांची मजुरी आणि तीन आठवड्यांची मुदत, यांच्यामधली जी दरी, ती रुपयांनी बुजवावी अशी मसलत खेळाने कोठेही उघड सांगितलेली नाही आणि सर्वत्र सुचवलेली आहे.

त्यात आणखी हजेरीपट. 'रेझिन' नावाचा एक साठा दर ८ मिनिटांस एकाने वाढतो आणि २०० झाला की थांबतो, म्हणजे २६ तास ४० मिनिटांत खेळाडू परतला नाही तर पुढची भर बुडाली. सुगीच्या दिवसांत, सोयाबीन खळ्यावर असताना, घरचा कर्ता मुलगा 'साठा भरला' म्हणून धुऱ्यावर मोबाईल काढून बसतो, तेव्हा त्याला आळशी म्हणून चालणार नाही; तो बिचारा नियमित नोकरीच करीत असतो, फक्त बिनपगारी.

गल्लीतील एका शेतकऱ्याने एके दिवशी पासबुक माझ्यापुढे धरले. बँक कसले तरी शुल्क कापते, अशी त्यांची तक्रार होती. वाचून पाहिले तर तीन-तीन आकडी रकमा, कित्येक एकाच रात्रीच्या, आणि सर्व मोबाईलवरील खरेदीपोटी; खेळ निराळा होता, त्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. मुलगा दहावीत, यूपीआयचा पिन वडिलांनीच बियाण्याचे पैसे पाठवताना त्याला सांगितलेला, आणि कोणतीही एक रक्कम एवढी मोठी नाही की जिच्यावर नजर ठरावी. पोरगा लबाड नव्हता. "काका, मी रुपये कुठं घालवले, मी तर हिरे घेतले," असे तो म्हणाला, आणि नाण्यांच्या त्या उतरंडीची करामत मला त्या उत्तरातून जेवढी कळली तेवढी माझ्या वहीतूनही कळली नव्हती.

सरकारांच्या ध्यानात हे आलेले नाही असे नव्हे. जपानच्या ग्राहक खात्याने सोडतींतून निघणाऱ्या ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस देणारी 'कम्प्लीट गाचा' २०१२ साली बेकायदा ठरवली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीत याच 'गेनशिन'च्या चालकांनी २ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले, सोळा वर्षांखालील मुलांना पालकांच्या संमतीवाचून अशा सोडती न विकण्याचे, तसेच त्या खऱ्या पैशांत थेट विकत घेण्याची सोय ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर आले. हे शेवटचे कलम वाचून आजोबांच्या त्या दोन रकान्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले. जेथे जिंकलेल्या पात्राची रोकड करून देण्याची सोयच खेळात नाही, तेथे तो कायदा सहजासहजी लागू होईल असे मला वाटत नाही. तेव्हा तूर्त बंदोबस्त घरीच करावयाचा आहे.

तो करताना मुलाचा मोबाईल हिसकावू नये; हिसकावलेल्या मोबाईलचा खेळ शेजाऱ्याच्या मोबाईलवर चालतो. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीस पासवर्ड मागण्याची तजवीज आहे, ती आजच करावी, आणि पिन मुलाला सांगितला असल्यास आजच बदलावा. शेतीच्या उत्पन्नाचे खाते ज्या मोबाईलशी जोडलेले आहे त्यावर खेळ नको. ज्याला स्वतःच्या कमाईतून खर्च करावयाचा आहे त्याने खुशाल करावा, नाटक-सिनेमाला आपण पैसे देतोच. मात्र महिन्याची रक्कम आधी रुपयांत लिहावी, एका सोडतीला किती रुपये पडतात तो भाव तिच्याशेजारी मांडावा, आणि प्रायमोजेमची भाषा वहीत येऊच देऊ नये. सोडतीची मुदत संपत आली की त्या रात्री काहीही घेऊ नये, कारण तीच पात्रे पुढे पुन्हा सोडतीत येतात. आणि व्हॉट्सॲपवर कोणी निम्म्या भावात क्रिस्टल देतो किंवा तयार खाते विकतो म्हणाला, तर त्याच्याशी व्यवहार मुळीच करू नये. पैसे गेलेच असतील तर शरमेने गप्प न राहता तत्काळ १९३० या क्रमांकावर फिर्याद द्यावी.

पुतण्या अद्याप खेळतो. मासिक पास घ्यावा का, असे त्याने परवा फोनवर विचारले, तेव्हा मी त्याला वर्षाची रक्कम रुपयांत मांडून पाठव म्हटले. कागद अजून आलेला नाही.