बेणे पाहून घेतो, तशी नोकरीही पारखून घ्यावी

सभासद बंधू-भगिनींनो,

ऊसबिल जमा होण्याच्या दिवसांत आमच्या गट कार्यालयात वर्दळ वाढते. कोणाला सोसायटीचे भरायचे असते, कोणाला खत उचलायचे असते, कोणाच्या घरी लग्न असते. अशाच एका सकाळी एका सभासदाचा मुलगा आला. आयटीआय झालेला, कष्टाळू पोरगा. म्हणाला, "साहेब, बाबांचं बिल कधी पडंल? मला पुण्याला कंपनीत नोकरी लागलीय, पण आधी पंचवीस हजार भरायचेत."

आम्ही विचारले, "काम काय?" तो म्हणाला, "ऑफिसचं काम हाय. तिथं गेल्यावर सांगतेत." कंपनी काय बनवते हे त्याला माहीत नव्हते. पगाराचे पत्र नव्हते. बोलावणारा मात्र त्याचा शाळेतला जिवलग मित्र होता.

अशा हकिकती हल्ली गावोगाव ऐकू येतात, म्हणून या अंकात पाचट आणि खोडव्याचा विषय बाजूला ठेवून या नोकरीविषयी लिहीत आहोत. आपण बेणे घेताना काय करतो? दहा-अकरा महिन्यांचे आहे का, डोळे फुगीर आहेत का, प्लॉटमध्ये काणी किंवा गवताळ वाढ आहे का, हे स्वतः फडात जाऊन पाहतो. पाहुण्याचे बेणे असले तरी पाहतो. मग पोराच्या नोकरीची पारख फोनवरच्या बोलण्यावर का करावी?

साखळीचे गणित

या योजनांत सांगतात की तुम्ही फक्त पाच माणसे आणा, ती पाच प्रत्येकी पाच आणतील, आणि तुम्ही घरी बसून कमवाल. ऐकायला सोपे वाटते. आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. ५, २५, १२५, ६२५, ३,१२५, १५,६२५, ७८,१२५, ३,९०,६२५ हे आठ थर झाले. नवव्या थराला १९,५३,१२५ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती. म्हणजे पाळण्यातले मूल आणि काठी टेकणारा म्हातारा धरून सारा जिल्हा एका नवव्या थरातच संपला. तेराव्या थराला १२२ कोटी माणसे लागतात. त्या जनगणनेत सारा देशच १२१ कोटींचा होता.

यावरून दुसरी गोष्ट कळते, ती जास्त महत्त्वाची आहे. साखळी पाचव्या थरावर थांबली असे धरा. वरच्या एकासह एकूण माणसे झाली ३,९०६. त्यांतली ३,१२५ सर्वांत खालच्या थरात, म्हणजे शंभरात ऐंशी. त्यांच्याखाली कोणीच नाही. त्यांनी भरलेला पैसा वर गेला, त्यांच्याकडे काही आले नाही. साखळी कोठेही थांबो, शंभरात ऐंशी तसेच राहतात. हे कोणाच्या आळसामुळे होत नाही. गणितच तसे आहे.

मग कारखान्यानेही शेअर घेतलाच की!

असे एक वडीलधारे सभासद आम्हाला म्हणाले. प्रश्न रास्त आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला कारखाना उभा केला, १९५० मध्ये तो सुरू झाला, तेव्हाही शेतकऱ्यांनी आधी पैसेच भरले होते. पण त्या पैशातून यंत्रे आली, ऊस गाळला गेला आणि साखर बाजारात विकली गेली. साखर घेणारा ग्राहक सभासद नव्हता आणि त्याला सभासद व्हायचेही नव्हते. नवा सभासद आला नाही तरी ज्याने ऊस घातला त्याचे बिल निघतेच. साखळी योजनेत मात्र नवा माणूस येणे थांबले की जुन्याचा पैसा थांबतो. पैसा कोठून येतो, एवढाच प्रश्न विचारावा. निम्मी पारख तिथेच होते.

हे पूर्वी घडलेले आहे

स्पीक एशिया या सिंगापूरच्या कंपनीने वर्षाला ११,००० रुपये घेऊन घरबसल्या प्रश्नावल्या भरण्याचे काम दिले. २०११ मध्ये पैसे थांबले आणि मुंबई पोलिसांकडे गुन्हा नोंद झाला. नाशिकच्या केबीसी कंपनीचे प्रकरण २०१४ मध्ये उघडे पडले, त्यात नाशिकपासून परभणीपर्यंतच्या साध्या लोकांचे पैसे अडकले. दोन्ही ठिकाणी सुरुवातीच्या काहींना पैसे मिळाले होते. त्यांच्याकडे पाहूनच बाकीचे आत गेले.

पैसे देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. नोकरी आहे तर पैसे मी का भरायचे? नोकरीत मालक पगार देतो. नियुक्तीपत्र, कामाचे स्वरूप व पगाराचा आकडा लेखी मागावा.

२. माल कोणता? साखळीत यायचे नाही असा माणूस तो या किमतीला घेईल का? दुकानात जाऊन तशाच वस्तूचा भाव पाहावा.

३. कमाई माल विकून होते की माणूस आणून? माल विकून दलाली मिळवणे हा प्रामाणिक धंदा आहे. माणूस भरती करून पैसे मिळणे ही साखळी.

४. न विकलेला माल परत घेणार का? करार ठरावीक मुदतीत मोडून पैसे परत मिळतील का? उत्तर लेखी घ्यावे.

५. घाई कशासाठी? "आजच भरा, जागा संपतील, घरी सांगू नका" असे कोणी म्हणाले की तिथून उठावे. चांगले बेणे विकणारा प्लॉट दाखवायला कधी लाजत नाही.

कंपनीचा नोंदणी दाखला किंवा जीएसटी नंबर दाखवतील, त्याने भुलू नये. तो केवळ नोंदणीचा पुरावा आहे. योजना कायदेशीर असल्याची ती परवानगी नव्हे.

कायदा काय म्हणतो

१९७८ च्या केंद्रीय कायद्याने पैसे फिरवण्याच्या साखळी योजनांवर बंदी आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही बंदी योजना चालवणाऱ्याइतकीच त्यात सभासद होणाऱ्यालाही लागू आहे. थेट विक्रीच्या कंपन्यांनी प्रवेश फी घेऊ नये असे केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, आणि डिसेंबर २०२१ च्या नियमांनी अशा कंपन्यांना साखळी योजना चालवण्यास मनाई केली आहे.

जे आत अडकले त्यांच्यासाठी

त्या मुलाला आम्ही वरचे पाच प्रश्न कागदावर लिहून दिले आणि आमच्यासमोरच मित्राला फोन लावायला सांगितले. पहिल्या दोन प्रश्नांना मित्राने टोलवाटोलवी केली. तिसऱ्याला गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मी दोघं आणल्याशिवाय माझे पैसे निघत नाहीत रे." तोही कोणाचा तरी मुलगाच. खोलीत दहा-बारा पोरे राहतात, रोज सभा होते, आणि नातेवाइकांची यादी करून फोन लावायला लावतात, असे त्याने सांगितले. पोरगा बराच वेळ फोन हातात धरून बसला. शेवटी एवढेच म्हणाला, "तू घरी ये. बाबांना मी सांगतो."

आम्हीही यातून सुटलो नाही. तरुणपणी डिप्लोमाच्या एका सोबत्याच्या भिडेपोटी साबण-पावडरीचा महागडा खोका घेतला होता. आमचे पैसे गेले ते थोडेच होते. पण त्यानंतर तो आम्हाला पाहून रस्ता बदलू लागला, त्याची चुटपुट अजून आहे.

म्हणून कळकळीची विनंती. पैसे गुंतले असतील तर पावत्या, मेसेज व फोन नंबर जपून ठेवावेत, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच १९३० वर कळवावे. पण स्वतःचे पैसे काढण्यासाठी भावाला, मेव्हण्याला, मित्राला आत ओढू नये. गेलेले पंचवीस हजार एखाद्या हंगामात भरून निघतील. भावकीत गेलेली पत कोणत्याच हंगामात भरून निघत नाही.

फसलेल्या पोराला घरच्यांनीही बोल लावू नये. बोल लागेल या भीतीनेच पोरे घरी सांगत नाहीत आणि साखळी पुढे वाढते. शंका असेल तर पैसे देण्यापूर्वी गट कार्यालयात यावे. बेण्याप्रमाणे हेही आपण बसून पाहू.

आपला,
ऊस विकास अधिकारी