नाण्यावरील उठावाची रेघ : ओळख व संग्रह



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी जुन्या चिल्लरीचा एखादा डबा असतो. त्यात लहरदार कडेचे दहा पैसे, षटकोनी वीस पैसे, गेंड्याचे चित्र असलेले चार आणे अशी नाणी सापडतात. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. पन्नास पैसे व त्यावरील नाणी मात्र आजही चलनात ग्राह्य आहेत. या नाण्यांवर कधी कधी एक बारीक, उंच आलेली रेघ दिसते. ती कशामुळे येते, कशी ओळखावी व तिचा संग्रह कसा करावा, याची माहिती प्रस्तुत लेखात देत आहोत.

या रेघेशी आमची ओळख बँकेच्या काउंटरवर झाली, आणि ती आमच्याच चुकीमुळे झाली. २००८ सालची गोष्ट. आम्ही नोकरीत नवे होतो. भाजी विकणाऱ्या एक मावशी बचत खात्यात चिल्लर भरण्यास आल्या. त्यात अंगठ्याची मुद्रा असलेली रुपयाची तीन नाणी अशी होती की, कडेपासून अंगठ्यापर्यंत रेघ गेलेली. आम्ही ती बाजूला सारली व म्हणालो, "मावशी, ही खराब आहेत. चालणार नाहीत."

मावशी म्हणाल्या, "साहेब, चार दिवसांमागं तुमच्याच खिडकीवरनं नव्या पिशवीतली मोड नेली मी. आणि बघा की, तिन्हीवर रेघ एकाच जागी हाय. कुणी खरवडली असती तर अशी सारखी आली असती का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. हेड कॅशिअरनी तिन्ही नाणी भिंगाखाली धरली आणि सांगितले, "नाणी टांकसाळीचीच आहेत. चीर गेली आहे ती ठशाला." आम्ही मावशींची क्षमा मागून रक्कम पूर्ण जमा केली. मावशी शाळेत गेल्या होत्या की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु या विषयाचा पहिला धडा आम्हांस त्यांनीच दिला.

रेघ कशी उमटते?

नाणे दोन पोलादी ठशांमध्ये दाबून तयार होते. एक ठसा वर, एक खाली, मध्ये धातूची कोरी चकती आणि भोवती पोलादी कडे. ठशावर अक्षरे व चित्र उलटे आणि खोल कोरलेले असते. दाब पडला की चकतीचा धातू त्या खोलगट भागात शिरतो व नाण्यावर चित्र उठून दिसते. थोडक्यात, ठशावर जे खोल ते नाण्यावर उंच.

एकच ठसा हजारो वेळा दाब सोसतो. केव्हातरी त्याच्या पोलादाला चीर पडते. ही चीर बहुधा कडेपासून आत सरकते, किंवा अक्षर व अंक यांच्या टोकांपासून निघते, कारण कोरीव कामाच्या तीक्ष्ण कोपऱ्यांवर ताण एकवटतो. पुढच्या दाबात धातू त्या चिरेतही शिरतो आणि नाण्यावर उठावाची रेघ येते. संग्राहक हिला 'डाय क्रॅक' म्हणतात. चकतीचा धातू जितका कठीण, तितका ठशावर भार अधिक. आपल्याकडे १९८८ पासून दहा, पंचवीस व पन्नास पैशांची आणि १९९२ पासून रुपयाची नाणी स्टेनलेस स्टीलची निघू लागली. हा धातू पूर्वीच्या ॲल्युमिनियमपेक्षा पुष्कळच कठीण आहे.

खरी रेघ कशी ओळखावी?

दहापट मोठे दाखवणारे भिंग व टेबलावरचा दिवा एवढे साहित्य पुरे. दिवा एका बाजूस ठेवून नाणे हळूहळू फिरवावे व पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) रेघ उंच आहे की खोल? उंच रेघेची सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूस पडते. लाकडी दातकोरणे अलगद फिरवल्यास ते रेघेला अडते. ओरखडा खोल असतो व त्याच्या काठांवर धातू सरकलेला दिसतो.

२) रेघ कशी धावते? ठशाची चीर वेडीवाकडी असते आणि चित्र व अक्षरे ओलांडून जाऊ शकते. याउलट, ठसा घासून गुळगुळीत करताना पडलेल्या रेघा अगदी बारीक, सरळ व एकमेकींना समांतर असतात. त्या मोकळ्या जागेत दिसतात व अक्षरांपाशी थांबतात.

३) चकतीच फाटली आहे काय? तसे असेल तर तेथे उंच रेघ नसून भेग असते, आणि कडेवर ती दोन्ही बाजूंना दिसू शकते.

४) दुसऱ्या बाजूच्या चित्राची उलटी पुसट आकृती दिसते काय? तशी असेल तर मध्ये चकती नसताना दोन्ही ठसे एकमेकांवर आदळले होते, असे समजावे. तो दोष वेगळा.

५) तीच रेघ त्याच जागी दुसऱ्या नाण्यावर मिळते काय? मिळाली, तर शंका उरत नाही. मावशींची कसोटी ती हीच.

रेघेवरून क्रम

या अभ्यासातील खरा आनंद येथे आहे. ठशाची चीर वाढतच जाते, भरून येत नाही. प्रथम केसासारखी रेघ, मग ती लांबते, तिला फाटे फुटतात, आणि शेवटी कडेजवळ ठशाचा तुकडाच निखळतो. त्या जागी नाण्यावर अक्षरांऐवजी धातूचा गुळगुळीत उंचवटा येतो. इतका धातू तिकडे ओढला जातो की, मागच्या बाजूस नेमक्या त्याच जागी चित्र पुसट उमटते. ही जोडखूण मिळाली नाही, तर तो उंचवटा नंतर डाग देऊन चिकटवला असण्याचा संशय घ्यावा.

म्हणून एकाच ठशाची चार-पाच नाणी मिळाली की कोणते आधी पाडले व कोणते नंतर, हे मांडता येते. प्राचीन नाण्यांचे अभ्यासकही याच रीतीने टांकसाळीतील कामाचा क्रम लावतात. कोणत्याही दप्तरात न नोंदलेली हकीकत अशी एका चिरेवरून वाचता येते.

संग्रह व नोंद

प्रत्येक नाणे वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे. चिंच, लिंबू किंवा पावडर लावून नाणे कदापि घासू नये. पाकिटावर मूल्य, वर्ष, टांकसाळ, बाजू व रेघेची जागा लिहावी. जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगावी, उदाहरणार्थ, "दोन वाजल्याच्या जागेपासून अंकापर्यंत". टांकसाळीची खूण वर्षाच्या खाली पाहावी. सध्याच्या नाण्यांत चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. खूण नसल्यास कोलकाता.

किमतीविषयी सावधगिरी

ठशाच्या चिरा काही दुर्मिळ नाहीत. अमेरिकेत लिंकन यांचे चित्र असलेल्या एक सेंटच्या नाण्यांवर 'लिबर्टी' या शब्दातील बी व ई या अक्षरांमध्ये उठावाची उभी रेघ आलेली नाणी प्रसिद्ध आहेत. तीसुद्धा बहुतांशी माफक दरात मिळतात. बारीक रेघेच्या रुपयाला लाखो रुपये देतो म्हणणारा मनुष्य आधी 'नोंदणी फी' मागतो व नाहीसा होतो. आपले नाव वापरून जुनी नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते. कॉलेजच्या फीचे पैसे अशा जाहिरातीत घालवून काउंटरवर रडलेला विद्यार्थी आम्ही पाहिला आहे. हा छंद दर्शनी किमतीत सुरू होतो. ज्यात आधी पैसे भरावे लागतात, तो छंद नव्हे.

विद्यार्थी मित्रांनी घरातील पन्नास नाणी घ्यावीत, प्रत्येकाच्या दोन्ही बाजू भिंगाखाली पाहाव्यात आणि वरील पाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. एकही चीर न सापडली तरी हरकत नाही, नजर तयार होईल. आणि दुकानात वा काउंटरवर कोणी रेघेचे नाणे पुढे केले, तर ते परत करण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहावे, एवढी आमची विनंती आहे.