आधी हात, मग पॅडल

सोनपेठ तालुक्यातली आमची बहुतेक मुलं पोहायला शिकतात ती विहिरीत. कमरेला दोर, पाठीवर तेलाचा रिकामा कॅन आणि काठावर चुलता नाहीतर मामा. पूर्वी कॅनच्या जागी वाळवलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा असायचा. या मुलांना पाण्याची भीती नसते, दमही चांगला असतो. पुढं शिक्षणासाठी ती पुण्याला, संभाजीनगरला जातात, तलावाचा पास काढतात आणि मग कुणीतरी सांगतं की वेग वाढवायचा तर सामान लागतं.

माझ्या भाच्याचं असंच झालं. त्यानं एकदम सगळा संच आणला: गॉगल, टोपी, किकबोर्ड, मांड्यांत धरायचा पुल बॉय, फिन्स आणि तळहाताला बांधायची, त्याच्या दीडपट मोठी हँड पॅडल्स. रोज सगळं अंतर तो पॅडल्स लावूनच पोहायचा, कारण ती लावली की शेजारच्या पट्ट्यातली मुलं मागं पडायची. पावसाळा सरायच्या आत उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर नेला की खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ यायची, सदरा काढणंही अवघड झालं. फिजिओथेरपिस्टनं त्याला पाण्यातून बाहेर काढलं आणि दिवाळीपर्यंत रबरी पट्टी ओढायचे व्यायाम दिले.

उन्हाळ्यात मी गावातल्या मुलांना पोहायला शिकवतो, त्यामुळं पालक मला सामानाची यादी विचारतात. मी यादी देत नाही. आधी पोराला पोहताना बघू द्या, म्हणतो.

कारण विहिरीत शिकलेल्या पोराच्या पोहण्यात एक खोड हमखास असते. तो डोकं वर ठेवून पोहतो. विहिरीत ते बरोबरच आहे; चार हातांवर भिंत असते, वरून पोरं सूर मारत असतात, बघितल्याशिवाय भागत नाही. पण डोकं वर गेलं की कंबर खाली जाते, पाय लोंबतात आणि सगळं अंग दोन हातांनी ओढावं लागतं. तोंड पाण्यावर ठेवायचं म्हणून हात पुढं पडल्या पडल्या ताठ कोपरानं पाणी खाली दाबतो. पाणी मागं सारायच्या ऐवजी खाली दाबलं की तो भार थेट खांद्यावर येतो. उघड्या हातानं हे बराच काळ खपून जातं. पॅडल जास्त पाणी धरतं, म्हणून चुकीच्या हाताची चूकही तेवढीच वाढवतं.

पॅडलचं हे दुखणं काही आजचं नाही. अमेरिकेतले बेंजामिन फ्रँकलिन अठराव्या शतकात बोस्टनमध्ये लहानाचे मोठे होत होते, तेव्हा त्यांनी अंगठ्यासाठी भोक ठेवून लाकडाच्या लंबगोल फळ्या केल्या होत्या. त्या हातात धरून आपण जास्त वेगानं पोहायचो, पण मनगटं थकून जायची, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलं. वेग आणि थकवा दोन्ही त्यांना एकदमच दिसले होते.

आधी डोकं पाण्यात जायला हवं, म्हणून माझ्या मते पहिली खरेदी गॉगलची. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू मार्क स्पिट्झनं 7 सुवर्णपदकं जिंकली ती गॉगल न लावता. ऑलिंपिकमध्ये गॉगलला परवानगी मिळाली 1976 मध्ये. शर्यतीचा एखादा मिनिट उघड्या डोळ्यांनी निघतो. क्लोरिनच्या पाण्यात रोज तास-दीड तास सराव करायचा तर निघत नाही. आणि आमच्या पोरांसाठी गॉगलचं आणखी मोठं काम आहे: तळाची काळी रेघ स्वच्छ दिसली की चेहरा आपोआप पाण्यात जातो. चेहरा पाण्यात गेला की कंबर वर येते.

गॉगल घेताना पट्टा मागं टाकायचाच नाही. दोन्ही काचा डोळ्यांच्या खोबणीवर हलक्या हातानं दाबायच्या आणि हात सोडायचा. क्षणभर ते आपसूक चिकटून राहिले तर माप बरोबर. लगेच गळून पडले तर दुसरे बघा. पट्टा आवळून पाणी थांबत नाही, नुसतं डोकं दुखतं. उघड्या तलावावर दिवसा पोहायचं तर गडद किंवा आरशासारखी काच, छताखाली किंवा संध्याकाळी पोहायचं तर पारदर्शक. लांबचं दिसत नसेल तर नंबरचे तयार गॉगलही मिळतात. आतून बोट फिरवून पुसू नका, धुकं न धरण्यासाठी दिलेला थर त्यानं जातो. साध्या पाण्यात बुचकळायचे आणि सावलीत वाळवायचे.

दुसरी खरेदी पोशाखाची. सुती बर्मुडा पाणी पितो आणि मागं ओढतो. बऱ्याच तलावांवर तो चालतही नाही. रोजच्या सरावाला पॉलिस्टरचं कापड घ्या, क्लोरिनमध्ये ते लायक्रापेक्षा जास्त टिकतं. मुलींच्या बाबतीत घरचे कचरतात. त्यांना मी आवर्जून सांगतो की खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा पोशाख स्पर्धेतही नियमात बसतो. पोशाखाच्या कारणानं कुणाची पोरगी काठावर बसू नये. टोपी सिलिकॉनची घ्यावी, लांब केसांसाठी मोठ्या मापाची.

मग फिन्स. विहिरीतलं पोर गुडघ्यातून सायकल चालवल्यासारखे पाय मारतं. छोट्या, मऊ फिन्स लावल्या की तशी लाथ जड जाते, आणि मांडीपासून पाय हलवला की अंग सुळकन पुढं जातं. चूक पायालाच कळते. समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या लांब फिन्स मात्र नकोत. टाच घासत नाही आणि बोटं मुडपत नाहीत, एवढं पायात घालून बघावं.

किकबोर्डला मी फार मान देत नाही. फळीवर कोपरं टेकून पोर पुन्हा डोकं वर काढतं, म्हणजे जी खोड मोडायची तीच पक्की होते. धरायचाच तर खालच्या कडेला धरून चेहरा पाण्यात ठेवावा.

पुल बॉयबद्दल जास्त सांगायला हवं, कारण तो सगळ्यांना आवडतो. तो मांड्यांत धरला की कंबर आयती वर येते आणि नुसत्या हातांचा सराव होतो. हातांच्या सरावाची किंमत मोठीच आहे. 1965 च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले आपले मुरलीकांत पेटकर उपचार म्हणून पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले. पण ज्याचे पाय धड आहेत आणि तरी बुडतात, त्याला पुल बॉयची चटक लागते. तेच अंतर एकदा तो लावून आणि एकदा काढून पोहावं, हात किती मारावे लागले ते मोजावं. फरक मोठा असेल तर पुल बॉय बाजूला ठेवून उताणं आणि कुशीवर पाय मारायला लागावं.

पॅडल्स सगळ्यात शेवटी. तळहातापेक्षा किंचित मोठी, जास्त नाही. मनगटाचा पट्टा काढून फक्त मधल्या बोटाच्या रबरावर पोहायचं. हात वाकडा पडला तर पॅडल स्वतःच निसटतं आणि मास्तरांच्या आधी चूक दाखवतं. एका वेळच्या सरावात थोडंच अंतर त्यांच्यासाठी ठेवावं आणि लगेच तेवढंच उघड्या हातानं पोहावं. वाढत्या वयाच्या मुलांना ती देऊच नयेत असं माझं ठाम मत आहे. खांद्यात कळ आली की त्याच क्षणी काढायची. शिवाय शर्यतीत पॅडल, फिन्स, पुल बॉय यांतलं काहीच चालत नाही. तिथं उघडा हातच लागतो.

भाचा आता पुन्हा पोहतो. त्याच्या पिशवीत गॉगल, टोपी आणि छोट्या फिन्स असतात. पॅडल्स त्यानं बदलून लहान घेतली, ती मास्तर सांगतील तेव्हाच निघतात.

सुट्टीत गावी येणाऱ्या मुलांना आणखी एक गोष्ट जोडून सांगतो. ही पिशवी घेऊन गोदावरीवर, खडक्याच्या बंधाऱ्यावर जाऊ नका. किकबोर्ड आणि पुल बॉय ही सरावाची साधनं आहेत, जीव वाचवायची नव्हेत. हातातून सुटली की वाहत जातात. हवा भरलेल्या बाह्या आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबचंही तेच. नदीत उतरायचंच असेल तर अंगात मापाचं लाइफ जॅकेट, सोबत पोहता येणारा मोठा माणूस आणि काठावर दोर हवा. बंधाऱ्याच्या दरवाज्यांजवळ मात्र जॅकेट घालूनही जायचं नाही.