एसी नक्की कुणाला गार करतोय?

प्रश्न : ह्यूस्टनजवळ 1984चं, दोन भाग जोडलेलं मोबाइल होम विकण्यासाठी दुरुस्त करतोय. नवीन विनाइल टाकलं, तरी मधल्या खोलीची जमीन पुन्हा मऊ पडली. छत कोरडं, नळ ठीक. बेडरूमचं दार अडतं, विजेचं बिल अफाट.

उत्तर : आता वरून उचकटणं थांबवा आणि टॉर्च घेऊन घराखाली शिरा. दोन्ही भागांना हवा पोचवणारा जाड, लवचीक डक्ट तिथे असतो. तो निसटला की एसी घराखालची माती गार करत बसतो. बिल तिथे जातं. गार पडलेल्या तळाला दमट हवा लागली की पाणी सुटतं आणि जमिनीचा पार्टिकल बोर्ड ते पिऊन फुगतो. तळाचं काळं आवरण कुठे लोंबत असेल तर आत पाणी साठलेलं असू शकतं. ते काढायला भोक पाडताना बाजूला राहा. (मी एकदा राहिलो नव्हतो.) राखाडी प्लास्टिकचे पाइप दिसले तर ते बहुधा पॉलिब्युटिलीनचे, न गळणारेही बदलाच.

दाराचं दुखणं वेगळं असावं. एखादा आधार खचला असेल. पाण्याच्या नळीने लेव्हल तपासा, पण तोवर दाराला रंधा लावू नका. नाहीतर घर समतल झाल्यावर तिथे फट राहील.