रिपोर्ट नॉर्मल, तरी माणूस आजारी

डोकं दुखतं, छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, झोप उडालेली. रक्त-लघवी, सोनोग्राफी, सगळं करून झालं, फाईल जाडजूड झाली, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘काही नाही हो, मनाचे खेळ आहेत.’ हे वाक्य मला अजिबात मान्य नाही. मनाच्या आजारालाही लक्षणं असतात, निदान असतं, उपचार असतात. शिवाय हे आजार अनेक प्रकारचे आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही, म्हणून नेमकं काय झालंय हे कळणं महत्त्वाचं.

पॅनिक अटॅकच घ्या. भरल्या एसटीत बसलेल्या माणसाला अचानक धडधड सुरू होते, श्वास पुरत नाही, हातापायाला मुंग्या येतात, दरदरून घाम फुटतो. ‘आता आपण जातो’ अशी त्याची खात्रीच होते. साधारण दहा मिनिटांत भीती टोकाला जाते आणि हळूहळू ओसरते. पहिल्यांदा असं झालं तर दवाखाना गाठायलाच हवा. छातीतलं दुखणं अंदाजावर सोडू नये. पण हृदय ठणठणीत आहे हे कळल्यावरही झटके येत राहिले, पुन्हा येईल या धास्तीनं माणूस एसटी, गर्दी, लिफ्ट टाळू लागला, तर तो पॅनिक डिसऑर्डर. कधी झटका नसतो, पण मुलांची, पैशांची, तब्येतीची काळजी महिनोन्‌महिने दिवसभर डोकं पोखरत राहते. तोही चिंतेचाच आजार. दोन्हींवर समुपदेशन आणि औषधं यांचा चांगला उपयोग होतो.

नैराश्य आपल्याकडे बऱ्याचदा अंगदुखीच्या रूपात येतं. ‘उदास वाटतं’ असं घरातली बाई म्हणत नाही. कंबर धरली, अंगात त्राण नाही, असं म्हणते. पहाटे तीन-चारला जाग येते, ती पुन्हा डोळा लागत नाही. आवडीची मालिका नको, माहेरचा फोन नको, जेवणाची चव गेलेली. असं दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घ्या, कारण त्यातल्या बिघाडानंही मरगळ येते. बाळंतपणानंतर रडू येतं ते बहुधा दोन आठवड्यांत थांबतं. न थांबल्यास अंगावर काढू नका.

‘जगून काय उपयोग’ असं कुणी बोललं तर सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्यानं ते विचार डोक्यात भरत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटं ठेवू नका. शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशकाचा डबा कुलपात गेलाच पाहिजे. संकटाचा तो क्षण टळला तर पुष्कळ जीव वाचतात.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, याचे रुग्ण फार उशिरा येतात, कारण त्यांना लाज वाटते. सारखे हात धुणं, गॅस पुन्हा पुन्हा तपासणं हे दिसतं तरी. पण देवघरात बसल्यावर अश्लील विचार येणं, स्वतःच्याच बाळाला आपण इजा करू अशी भीती वाटणं, हे कुणाला सांगणार? असे विचार माणसाला नकोसे असतात, त्यांनी त्याचा छळ होतो. तो आजार आहे, चारित्र्य नव्हे. उपचारात हाताला धूळ लावून, न धुता थांबायला शिकवतात. अस्वस्थता वाढते आणि न धुताच उतरते, हे रुग्णाला अनुभवानं पटतं. घरच्यांनी ‘हो, स्वच्छ झालंय’ अशी हमी सतत देत राहिल्यानं मात्र आजार वाढतो.

बायपोलरमध्ये नैराश्याच्या जोडीला उन्मादाचे काळ येतात: झोपेची गरज उरत नाही, बोलणं थांबत नाही, पैसा उधळला जातो. पूर्वी असं कधी झालं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. अशा रुग्णाला नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर उन्माद उसळू शकतो.

स्किझोफ्रेनिया बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. मुलगा एकलकोंडा होतो, अंघोळ टाळतो, कानात आवाज येतात, शेजारी कट करतात असं वाटतं. याला बाहेरची बाधा समजून देवऋषीकडे महिने घालवले जातात, किंवा ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ असा सल्ला मिळतो. कृपा करून हे करू नका. लग्न हा उपचार नाही, आणि आजार लपवून केलेल्या लग्नात दोन आयुष्यं होरपळतात. उपचार जितके लवकर, तितकी सुधारणा चांगली.

‘या गोळ्यांची सवय लागते’ ही भीती सगळ्याच गोळ्यांना लागू नाही. नैराश्याच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी करा. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची, आणि नेमक्या त्याच शेजारणीकडून मागून घेतल्या जातात!

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. कुठं जावं हे सुचत नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक लावा. तिथं चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे. 14416 हा नंबर आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि घरातल्या सगळ्यांना द्या.