मरण कितव्या पानावर यावं?

मुलीच्या दप्तरातून आमच्या डब्लिनच्या घरात आयरिश ऐतिहासिक बालकादंबऱ्या आल्या. त्या मोठ्यानं वाचताना, अशी पुस्तकं कशी असावीत याबद्दल माझी काही मतं पक्की झाली.

१. मरण लांबवू नये. मॅरिटा कॉनलन-मकेनाच्या ‘अंडर द हॉथॉर्न ट्री’त (१९९०) तान्ही ब्रिजेट सुरुवातीलाच जाते आणि तिला हॉथॉर्नच्या झाडाखाली पुरतात. बटाट्यावर रोग पडून १८४५ पासून आयर्लंडमध्ये जो दुष्काळ आला, त्यातली ही गोष्ट; त्यात सुमारे १० लाख माणसं मेली. हा आकडा ऐकून मुलगी गप्प होती. ब्रिजेटला शवपेटी का नाही, हे मात्र तिनं तीनतीनदा विचारलं.

२. मुलांच्या हाताला काम द्यावं. या गोष्टीत बाप रस्त्याच्या दुष्काळी कामावर गेलेला, आई त्याला शोधायला गेलेली. वर्कहाउस (निराधार गरिबांना कामाला जुंपून ठेवायची जागा) चुकवून आयली, मायकल आणि पेगी ही भावंडं पायी निघतात, आईनं ज्यांच्या गोष्टी सांगितल्या त्या नात्यातल्या म्हाताऱ्या आज्यांकडे. पेगी तापानं फणफणते तेव्हा ती दोघं गाईची शीर कापून रक्त काढतात. (दुष्काळात लोक खरंच असं करत.) मला मळमळलं. मुलीची चौकशी वेगळीच: गाय जगली का? भेदरून बसायला त्या भावंडांना सवड नसते, म्हणून ऐकणाराही तग धरतो. नुसतं सोसणारं पोर दाखवलं असतं, तर पुस्तक मीच मिटलं असतं.

३. खलनायक हाताशी असला तरी तेवढ्यावर भागवू नये. दुष्काळात माणसं उपाशी असताना धान्य इंग्लंडच्या जहाजांत चढत होतं. संताप यायलाच हवा. पण जेरार्ड व्हेलनच्या ‘द गन्स ऑफ ईस्टर’मध्ये (१९९६) ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या डब्लिनमधल्या उठावात जिमी नावाच्या मुलाचा बाप ब्रिटिश फौजेत आहे आणि घरचंच दुसरं माणूस बंडखोरांत. जिमी गोळीबारातून घरासाठी खायला शोधत फिरतो. शत्रू कोण, हे त्यानं कुणाला विचारायचं?

४. जखम ओली असतानाही लिहिता येतं. जोन लिंगार्डनं बेलफास्टच्या प्रोटेस्टंट सेडी आणि कॅथलिक केव्हिनची गोष्ट १९७० मध्ये सुरू केली. तेव्हा तिथला प्रोटेस्टंट-कॅथलिक हिंसाचार इतिहास नव्हता, रोजची बातमी होती.

५. सुखरूप पोचण्यावर फार विसंबू नये. ‘अंडर द हॉथॉर्न ट्री’च्या शेवटी भावंडांना आज्या भेटतात. मुलीनं सुस्कारा सोडला, मी नाही. अशा आज्या किती जणांना होत्या? लेखिकेलाही हे ठाऊक असावं. पुढच्या ‘वाइल्डफ्लॉवर गर्ल’मध्ये (१९९१) पेगी ते घर सोडून एकटीच अमेरिकेच्या जहाजात चढते. पहिल्या पुस्तकाच्या शेवटापेक्षा मला ते जास्त पटलं.