उभं राहिलं की उतरणारं बीपी

चक्कर येते म्हणून तुम्ही दवाखान्यात जाता, तेव्हा रक्तदाब खुर्चीत बसवून मोजला जातो. तो बरेचदा ठीक निघतो. मग अशक्तपणा, पित्त नाहीतर मानेचे मणके असं काहीतरी ठरतं आणि गळ्यात पट्टा येतो. पन्नाशी-साठीतल्या ज्या माणसाला उठल्यावरच अंधारी येते, मान-खांदे उभं असताना दुखतात आणि आडवं झाल्यावर थांबतात, त्याचा रक्तदाब उभं करून मोजायलाच हवा.

आधी पाच मिनिटं सपाट झोपवावं आणि मोजावं. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावं. शेजारी धरायला कुणीतरी हवंच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष मानतात. सोबत नाडीही लिहा. अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर दाब उतरताच नाडी पळू लागते. दाब घसरूनही ती जेमतेम हलली, तर मज्जातंतूंचा आजार शोधावा लागतो.

मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी हा असाच एक आजार, लाखात साधारण चार जणांना होणारा. शाय आणि ड्रेगर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६० मध्ये त्याचं वर्णन केलं. यात मेंदूतल्या आधारपेशींमध्ये अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रथिन साठतं. आपण उभं राहतो तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. एरवी रक्तवाहिन्या लगेच आवळतात आणि आपल्याला काही कळतही नाही. या रुग्णांत आवळण्याचा हुकूमच नीट पोचत नाही. हालचाल मंदावते किंवा तोल जातो, त्यामुळे आधी पार्किन्सन्सचं निदान होणंही नेहमीचंच.

या आजारातली लघवीची तक्रार तर फार फसवते. पुरुष असला की प्रोस्टेट समजून टॅम्सुलोसिनसारखी गोळी सुरू होते, आणि त्या गोळीने रक्तदाब आणखी उतरतो. चक्कर वाढली तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवा. मात्र स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका.

सकाळची वेळ सर्वांत वाईट. रात्रभर लघवी होऊन गेलेली असते, त्यात कढत पाण्याची आंघोळ आणि वर भरपेट नाश्ता. उठण्याआधी अंथरुणातच दोन पेले साधं पाणी भराभर प्यावं; अर्धा लिटर पाण्याने पाच-दहा मिनिटांत दाब चढू लागतो. मग थोडा वेळ पाय खाली सोडून बसावं. आंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून. जेवण थोडंथोडं. पोटाला घट्ट पट्टा बांधण्याचा उपयोग होतो, पण झोपताना तो काढावा. घरच्यांनी ‘बीपी आहे’ म्हणून मीठ तोडलेलं असतं. इथे उलट ते वाढवावं लागू शकतं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर आधी विचारा.

याच माणसाचा दाब झोपल्यावर मात्र भलताच चढू शकतो. म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून वीतभर उंच करा आणि दुपारी सपाट न झोपता आरामखुर्चीत टेका. दाब चढवणारी मिडोड्रिन ही गोळी झोपायच्या आधीच्या चार तासांत देऊ नये.

रुग्ण भोवळ येऊन कोसळला, तर चार जण धावतात आणि त्याला धरून खुर्चीत बसवतात. तसं करू नका. जागीच आडवं करा, पाय उचलून धरा, शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका.

हा आजार थांबवणारं औषध आजही नाही, पण यातलं पडणं आणि हाड मोडणं बरंचसं टाळता येतं. न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना आठवडाभराची झोपून आणि उभं राहून घेतलेली मापं, वेळेसकट, वहीत लिहून न्या.